ताटातूट झालेल्या माया मुलांची बाजू कोण मांडतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर आईवडिलांपासून वेगळ्या केलेल्या मुलांच्या बातम्या आपण वाचल्या, त्यावर हळहळलोही. पण त्यातली बरीच मुलं आदिवासी आहेत, विशेषतः मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाच्या माया समाजाची, आणि स्पॅनिश ही त्यांची घरातली भाषा नाही, ही गोष्ट मराठी बातम्यांत क्वचितच आली. अमेरिकेत राहणाऱ्या आणि महाराष्ट्रातल्याही मराठी माणसांकडून या विषयावर जे प्रश्न येतात, त्यांची ही उत्तरं. माझं म्हणणं पहिल्यापासून एकच आहे. या मुलांसाठी काही करायचं असेल, तर आधी त्यांची भाषा विचारून ती कागदावर आणली पाहिजे. ते झालं नाही तर पुढची सगळी मदत चुकीच्या पत्त्यावर जाते.

ही मुलं नेमकी कोण आहेत?

सर्वांत मोठा गट ग्वाटेमालातल्या माया मुलांचा आहे. वेवेतेनांगो, सान मार्कोस, केत्साल्तेनांगो आणि किचे हे पश्चिमेकडचे डोंगरी प्रांत, तसंच उत्तरेकडचं आल्ता वेरापास, इथून ती येतात. २०१८ च्या जनगणनेत ग्वाटेमालातल्या सुमारे ४४ टक्के लोकांनी आपली नोंद आदिवासी म्हणून केली. देशात २२ माया भाषा आहेत. त्यांपैकी माम, किचे, केक्ची, कान्होबाल, चुह, इशिल, अकातेको या सीमेवर वारंवार ऐकू येतात. मेक्सिकोच्या ओआहाका आणि गेरेरो राज्यांतून मिश्तेक, सापोतेक, चातिनो, नावात्ल बोलणारी मुलंही येतात.

या स्पॅनिशच्या वेगवेगळ्या लकबी नाहीत, स्वतंत्र भाषा आहेत. माम बोलणाऱ्या मुलाला केक्ची समजेलच असं नाही. खुद्द माममध्येही गावागणिक इतका फरक आहे की एका भागातला दुभाषा दुसऱ्या भागातल्या मुलाला अर्धवटच कळतो.

घर सोडून ती एवढ्या लांब का येतात?

कारणं एकात एक गुंतलेली आहेत. १९६० ते १९९६ पर्यंत ग्वाटेमालात यादवी युद्ध चाललं. दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि सत्यशोधन आयोगाच्या १९९९ च्या अहवालानुसार ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. आज सीमेवर येणाऱ्या मुलांचे आजी-आजोबा त्या काळात गावं जळताना पाहिलेली माणसं आहेत. त्यानंतर २०१२ च्या सुमारास कॉफीवर तांबेरा पडला, पूर्वेच्या कोरडवाहू पट्ट्यात एकामागून एक दुष्काळ आले, नोव्हेंबर २०२० मध्ये एटा आणि आयोटा ही दोन चक्रीवादळं पंधरवड्यात आदळली. देशातली पाच वर्षांखालची जवळपास निम्मी मुलं दीर्घकालीन कुपोषित आहेत, आणि आदिवासी मुलांमध्ये हे प्रमाण त्याहून जास्त आहे. टोळ्यांच्या धमक्या, जमिनीचे वाद, घरातली मारहाण हेही आहेच.

शिवाय कर्ज. सीमेपार नेणाऱ्या दलालाला द्यायचे पैसे जमीन गहाण ठेवून उभे केलेले असतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर ते कर्ज बसलेलं असतं, आणि पहिल्या भेटीत तो त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

ताटातूट २०१८ मध्ये झाली होती. तो विषय आता संपला नाही का?

नाही. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकी सरकारने ‘झिरो टॉलरन्स’ धोरण जाहीर केलं: बेकायदा सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक प्रौढावर फौजदारी खटला. आईबापांना तुरुंगात नेलं की मूल आपोआप वेगळं होत होतं. एल पासो भागात हा प्रयोग २०१७ मध्येच करून पाहिला गेला होता. देशभर संताप उसळल्यावर २० जून २०१८ रोजी राष्ट्राध्यक्षांनी ही ताटातूट थांबवण्याचा आदेश काढला. २६ जूनला सॅन डिएगोचे न्यायाधीश डॅना सॅब्रॉ यांनी हुकूम दिला की पाच वर्षांखालच्या मुलांना १४ दिवसांत आणि बाकीच्यांना ३० दिवसांत आईवडिलांकडे द्या.

मुदत पाळली गेली नाही, कारण कोणतं मूल कोणाचं, ही नोंदच एका जागी नव्हती. पालक एका खात्याच्या ताब्यात, मूल दुसऱ्या खात्याच्या, आणि दोघांचे क्रमांक एकमेकांना जोडलेले नाहीत. कैद्याकडून काढून घेतलेल्या सामानाची नोंद ज्या काटेकोरपणे होते तेवढीसुद्धा या मुलांची झाली नाही, असं सॅब्रॉ यांनी निकालात लिहिलं. चारशेहून अधिक पालक मुलांशिवाय हद्दपार झाले होते. २०१७ ते २०२१ या काळात वेगळ्या केलेल्या मुलांची संख्या पाच हजारांच्या वर जाते.

डिसेंबर २०२३ मध्ये या खटल्यात तडजोड मंजूर झाली आणि तशाच धोरणाखाली कुटुंबं तोडायला आठ वर्षांची बंदी आली. पण ताटातुटीचे इतर मार्ग उघडेच आहेत. पुढचा प्रश्न त्यातल्या सर्वांत मोठ्या मार्गाविषयी आहे.

मूल ‘एकटं’ आहे हे कोण ठरवतं? आजीबरोबर आलेलं मूल एकटं कसं?

अमेरिकी कायद्यात ‘सोबत कोणी नसलेलं मूल’ याची व्याख्या ठरलेली आहे: वय १८ च्या आत, कायदेशीर दर्जा नाही, आणि देशात सांभाळायला आई, वडील किंवा कायदेशीर पालक उपलब्ध नाही. आजी, मावशी, काका, सज्ञान भाऊ-बहीण या व्याख्येत बसत नाहीत. म्हणून आजीने जन्मापासून वाढवलेलं मूल तिचा हात धरून सीमेवर आलं, तरी कागदावर ते एकटंच असतं. आजी प्रौढांच्या कोठडीत जाते आणि मूल सरकारी निवाऱ्यात.

माया गावांत मुलाला वाढवणारं माणूस आजी किंवा थोरली बहीण असणं अगदी सर्रास आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांचं बालपण आजोळी गेलं आहे, तेव्हा हे वेगळं समजावून सांगायला नको. मे २०१९ मध्ये टेक्सासच्या वेसलॅको इथल्या कोठडीत १६ वर्षांचा एक माया मुलगा फ्लूने दगावला. तो सज्ञान बहिणीबरोबर आला होता आणि त्याला तिच्यापासून वेगळं केलं गेलं होतं. डिसेंबर २०१८ ते मे २०१९ या सहा महिन्यांत सीमेवर पकडली गेल्यानंतर ग्वाटेमालाची पाच मुलं मरण पावली. पाचही माया होती.

एकटं ठरलेल्या मुलाला ७२ तासांच्या आत सीमा गस्त दलाकडून निर्वासित पुनर्वसन कार्यालयाकडे, म्हणजे ओआरआरकडे, सोपवावं लागतं. हा २००८ चा मानवी व्यापारविरोधी कायदा. मेक्सिकन मुलांसाठी मात्र त्याच कायद्यात पळवाट आहे. एका चौकशीनंतर त्यांना सीमेवरूनच परत पाठवता येतं. ती चौकशी मिश्तेक किंवा नावात्ल बोलणाऱ्या मुलाची स्पॅनिशमध्ये झाली, तर त्याला कोणी विकायला आणलं होतं का, हे कळणार कसं?

पण त्यांना थोडीफार स्पॅनिश येतेच ना? भाषेचा एवढा बाऊ कशासाठी?

थोडीफार येते, आणि घात तिथेच होतो. ज्याला स्पॅनिश अजिबात येत नाही त्याच्यासाठी दुभाषा शोधावाच लागतो. ज्याला बाजारापुरती येते ते मूल प्रत्येक प्रश्नाला ‘सी’, म्हणजे ‘हो’, म्हणतं, मान हलवतं, आणि अधिकारी रकान्यात ‘स्पॅनिश’ लिहून मोकळा होतो. तो रकाना मग निवाऱ्यात, दवाखान्यात, कोर्टात, सगळीकडे मुलाबरोबर फिरतो. तुला कोणी मारलं का, तुला परत जायची भीती वाटते का, पोटात कधीपासून दुखतंय, हे सगळं त्याला नीट न येणाऱ्या भाषेत विचारलं जातं. उत्तरं तुटक येतात, आणि फाइलमध्ये शेरा पडतो: मूल सहकार्य करत नाही, मूल मंद आहे.

२०१८ च्या डिसेंबरात दगावलेल्या सात वर्षांच्या केक्ची मुलीच्या वडिलांनी ताब्यात घेतल्यावर एका कागदावर सही केली होती. तो कागद इंग्रजीत होता, चौकशी स्पॅनिशमध्ये झाली होती आणि वडिलांची भाषा केक्ची. मुलीची तब्येत ठीक आहे, असं त्या कागदावर लिहिलेलं होतं.

भाषेमुळे ताटातूट नुसती लांबते असं नाही, कधीकधी होतेच भाषेमुळे. २००८ मध्ये मिसिसिपीतल्या पास्कागूला इथे ओआहाकाच्या एका चातिनो आईची मुलगी जन्मानंतर दोन दिवसांत काढून घेतली गेली. रुग्णालयात तिच्याशी स्पॅनिशमध्ये बोलणं झालं. ती तिची भाषा नव्हती. त्या बोलण्यावरून ती मूल सांभाळायला अपात्र ठरवली गेली, आणि तिला इंग्रजी येत नाही हे बाळाला धोका असल्याचं लक्षण मानलं गेलं. मुलगी परत मिळायला सुमारे वर्ष गेलं. तान्ह्या बाळाच्या आयुष्यातलं पहिलं वर्ष कोणत्याही कोर्टाला परत देता येत नाही.

मूल कोणती भाषा बोलतं हे ओळखायचं कसं?

‘तुला स्पॅनिश येते का?’ असं विचारून कधीच नाही. गाव विचारा, नुसता देश नको. सान हुआन अतितान म्हटलं की माम, सान मातेओ इश्तातान म्हटलं की चुह, असा अंदाज जाणकाराला लगेच बांधता येतो. मग विचारा: आई तुझ्याशी कोणत्या भाषेत बोलते? आजी झोपवताना कोणत्या भाषेत बोलायची? शेवटी ध्वनिमुद्रण ऐकवा. भाषांच्या नावांचे छापील तक्ते इथे फारसे कामाचे नाहीत, कारण बहुतेक मुलांनी आपली भाषा कधी लिहिलेली पाहिलेली नसते. आवाज ऐकवल्यावर मात्र चेहरा लगेच सांगतो.

मूल भाषा लपवतं, हेही लक्षात घ्यावं. ग्वाटेमालातल्या शहरांत माया भाषा बोलणाऱ्याला हिणवलं जातं, शाळेत शिक्षा झालेली असते. म्हणून एकदा विचारून भागत नाही. आठवड्याने, ओळख वाढल्यावर, पुन्हा विचारायचं. आणि उत्तर मिळालं की फाइलमधला रकाना लेखी विनंती करून बदलून घ्यायचा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण माझ्या मते संपूर्ण प्रकरणात याहून मोलाचं काम दुसरं नाही.

दुभाषा मिळाला की प्रश्न सुटला?

अर्धा. माममधून थेट इंग्रजीत भाषांतर करणारी माणसं मोजकी आहेत. त्यामुळे बहुतेकदा साखळी लागते: एक दुभाषा माममधून स्पॅनिशमध्ये, दुसरा स्पॅनिशमधून इंग्रजीत. वेळ दुप्पट लागतो आणि प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गळतं. म्हणून भेट लांब ठेवावी, प्रश्न छोटे ठेवावेत, ‘किंवा’ आणि ‘जर-तर’ची वाक्यं टाळावीत. २०१८ च्या सुमारास इमिग्रेशन कोर्टांत सर्वाधिक लागणाऱ्या पहिल्या दहा भाषांत माम होती, तरीही ऐन सुनावणीला दुभाषा नसल्याने तारीख पुढे जाणं नित्याचं आहे. वकिलाने भाषा आणि गाव दोन्ही आगाऊ कळवावं.

नातेवाईक, गावकरी किंवा निवाऱ्यातलंच दुसरं मूल यांना दुभाषा करू नये. डोंगरातल्या वस्त्या लहान, सगळे एकमेकांना ओळखतात. दलालाचा मेहुणा कोण, हे मुलाला ठाऊक असतं. परक्यासमोर ते बोलेल, ओळखीच्यासमोर नाही. लॉस एंजेलिसमधली सीएलो ही आदिवासी स्त्रियांनी उभी केलेली संस्था आणि वॉशिंग्टन परिसरातली इंटरनॅशनल मायन लीग, या दोन्ही आदिवासी भाषांच्या दुभाष्यांसाठी आणि भाषेच्या हक्कांसाठी काम करतात. मला या संस्थांबद्दल विशेष आदर वाटतो, कारण तिथे माया आणि सापोतेक माणसं स्वतःच स्वतःची बाजू मांडतात.

चाइल्ड ॲडव्होकेट म्हणजे मुलाचा वकील का?

नाही, आणि हा घोळ नेहमी होतो. वकील मुलाला हवं ते कोर्टात मांडतो. चाइल्ड ॲडव्होकेट मुलाच्या हिताचं काय, याचा स्वतंत्र विचार करून शिफारस करतो. मूल सुरक्षित आहे का, त्याची स्वतःची इच्छा काय, कुटुंब एकत्र राहील का, त्याच्या वाढीचं आणि ओळखीचं काय, हे सगळं त्यात येतं. २००८ च्या कायद्याने मानवी व्यापाराला बळी पडलेल्या आणि विशेष असुरक्षित मुलांसाठी अशी नेमणूक करायची मुभा दिली. शिकागोत सुरू झालेलं यंग सेंटर हे काम २००४ पासून करतं.

ही शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. तरी तिचं वजन असतं, कारण त्या प्रचंड यंत्रणेत मुलाला नियमित भेटणारं, त्याच्या गावी फोन लावून आजीशी बोलणारं ते एकमेव माणूस असतं.

मग वकील सरकार देतं का?

इमिग्रेशन कोर्ट दिवाणी स्वरूपाचं मानलं जातं, त्यामुळे सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क तिथे नाही, मुलालाही नाही. समोर सरकारचा प्रशिक्षित वकील आणि इकडे पाय जमिनीला न टेकणारं मूल, असं दृश्य तिथे खरोखर दिसतं. तीन-चार वर्षांच्या मुलांना इमिग्रेशन कायदा शिकवता येतो, असं एका वरिष्ठ न्यायाधीशाने शपथेवर सांगितलं होतं. ती जबानी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा मोठा गदारोळ झाला.

पोकळी भरतात त्या स्वयंसेवी संस्था. २००८ मध्ये स्थापन झालेली ‘किड्स इन नीड ऑफ डिफेन्स’, म्हणजेच किंड, मोठ्या कंपन्यांतल्या आणि विधि संस्थांतल्या वकिलांना प्रशिक्षण देऊन विनामूल्य प्रकरणं सोपवते.

मुलांसाठी कोणते कायदेशीर मार्ग असतात?

प्रत्येक मुलाला लागू पडेल असा एकच मार्ग नाही. छळाची भीती असेल तर आश्रयाचा अर्ज. ‘एकटं’ ठरलेल्या मुलाची पहिली मुलाखत कोर्टात न होता आश्रय अधिकाऱ्यासमोर होते, हा त्यातल्या त्यात दिलासा. आई किंवा वडील यांच्याकडून अत्याचार, हेळसांड किंवा परित्याग झाला असेल तर १९९० पासून असलेला विशेष बाल स्थलांतरित दर्जा मिळू शकतो. त्यासाठी आधी राज्याच्या कोर्टाचा निर्णय लागतो. मानवी व्यापाराच्या बळींसाठी टी व्हिसा आहे, गंभीर गुन्ह्याच्या बळींसाठी यू व्हिसा. आदिवासी म्हणून झालेला छळ आश्रयाच्या अर्जात वंश किंवा विशिष्ट सामाजिक गट या आधारावर मांडता येतो, पण वकिलाला मूल आदिवासी आहे हेच माहीत नसेल तर तो मुद्दा अर्जात येतच नाही.

गरिबीत परत पाठवण्यापेक्षा मूल अमेरिकेत चांगल्या घरात वाढलेलं बरं नाही का?

हा प्रश्न मनापासून विचारला जातो, म्हणून सविस्तर उत्तर देतो. नेब्रास्कामध्ये एका किचे आईची दोन मुलं २००५ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. धाकट्या मुलीच्या आजारपणात डॉक्टरने सांगूनही पुन्हा दाखवायला नेलं नाही, इथून प्रकरण सुरू झालं. आईची भाषा किचे, समजावणं स्पॅनिशमध्ये. तिला ग्वाटेमालात हद्दपार केलं गेलं, मुलं दुसऱ्या घरी ठेवली गेली आणि पुढे तिचे पालकत्वाचे हक्कच रद्द करण्यात आले. २००९ मध्ये नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. आई अपात्र आहे हे सिद्ध झालेलं नसताना, अमेरिकेतलं राहणीमान ग्वाटेमालातल्यापेक्षा वरचढ आहे एवढ्यावरून मूल तिच्यापासून तोडता येत नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

मला हे पूर्ण पटतं. गरिबी हा आईचा गुन्हा नव्हे. नाहीतर जगातल्या प्रत्येक गरीब आईचं मूल कोणीतरी श्रीमंत माणूस उचलून नेऊ शकेल, आणि आदिवासींच्या बाबतीत हे शतकभर घडलेलंही आहे. अमेरिकेत १८७९ मध्ये कार्लाइल इथे सुरू झालेल्या निवासी शाळेपासून आदिवासी मुलांना घर, केस, नाव आणि भाषा यांपासून तोडणं हे सरकारी धोरणच होतं. त्याबद्दल राष्ट्राध्यक्षांनी जाहीर माफी मागितली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये.

आदिवासी मुलांसाठी अमेरिकेत वेगळा कायदा आहे ना? तो यांना लागू होत नाही?

१९७८ चा इंडियन चाइल्ड वेल्फेअर ॲक्ट आहे, आणि तो चांगला कायदा आहे. मूल घरातून काढावंच लागलं तर आधी नातेवाईक, मग त्याच जमातीतलं घर, असा क्रम त्यात आहे. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो कायम ठेवला. पण संरक्षण मिळतं ते अमेरिकेने मान्यता दिलेल्या जमातींच्या मुलांना. माम किंवा केक्ची मूल त्यात येत नाही. सीमारेषा या लोकांपेक्षा कितीतरी नंतरची आहे, तरी हक्क मात्र रेषेपाशी थांबतात.

संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्यात एका समूहाची मुलं जबरदस्तीने दुसऱ्या समूहाकडे नेण्याला स्पष्ट मनाई आहे. जाहीरनामा कोर्टात थेट बजावता येत नाही, पण शिफारस लिहिताना त्याचा आधार जरूर घ्यावा.

हद्दपार झालेल्या आईवडिलांना शोधतात कसं?

पायी, बसने, मोटारसायकलने. जस्टिस इन मोशन या संस्थेशी जोडलेले मध्य अमेरिकेतले वकील २०१८ नंतर ग्वाटेमाला आणि होंडुरासच्या डोंगरात गावोगाव फिरले. सरकारी कागदावर कधी फक्त तालुक्याचं नाव, कधी चुकीचं आडनाव, बंद पडलेला फोन नंबर. गावात परका माणूस मुलाविषयी विचारू लागला की लोक गप्प होतात, आणि ज्यांनी युद्धाची वर्षं काढली त्यांनी गप्प होणं स्वाभाविक आहे. तिथे स्थानिक भाषा बोलणारं माणूस बरोबर असेल तरच दार उघडतं.

सापडल्यावर पालकांना विचारायचं असतं: मूल परत हवं की तिथेच आपला दावा लढवू द्यायचा? २०१८ मध्ये हाच प्रश्न कोठडीतल्या पालकांना काही मिनिटांत, न समजणाऱ्या भाषेतल्या अर्जावर विचारला गेला होता. अनेकांनी काय सही केली हे त्यांना नंतर कळलं.

अशा प्रवासाला मूल पाठवणारे पालकच दोषी नाहीत का?

धोका त्यांना माहीत असतो. घरी राहण्यातला धोकाही माहीत असतो. त्या दोहोंतून निवड करायची वेळ ज्याच्यावर आलेली नाही, त्याने न्यायनिवाडा करू नये असं मला वाटतं. मार्च २०२० नंतर करोनाचं कारण देऊन कुटुंबांना सीमेवरून परत पाठवलं जात होतं. पुढे एकट्या मुलांना त्यातून सूट मिळाली. परिणाम उघड होता: मेक्सिकोतल्या छावणीत अडकलेल्या काही आईबापांनी मुलांना एकटंच पुढे धाडलं. त्या ताटातुटीवर सही आईबापांची दिसते, पण ती नियमाने घडवली.

निवाऱ्यातून मूल नातेवाइकाकडे गेलं की काम संपतं?

संपत नाही. ताब्यातल्या स्थलांतरित मुलांविषयीच्या फ्लोरेस खटल्यात १९९७ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार मुलाला विनाकारण अडकवून न ठेवता नातेवाइकाकडे सोपवायचं असतं, आणि ते योग्यच आहे. पण कर्ज फेडायला मुलं रात्रपाळीला लागतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकी श्रम खात्याने आठ राज्यांतल्या १३ मांस कारखान्यांत साफसफाईच्या धोकादायक कामावर १०२ अल्पवयीन मुलं आढळल्याचं जाहीर केलं. म्हणून मूल सोडल्यानंतरही त्याच्या भाषेत बोलणारं कोणीतरी संपर्कात राहायला हवं. शाळेत नाव घालणं, दवाखाना, कोर्टाची तारीख, यांपैकी एक जरी चुकलं तरी सगळं विस्कटतं. सुनावणीला गैरहजर राहिलं तर मूल समोर नसतानाच हद्दपारीचा हुकूम निघू शकतो.

२०२५ मध्ये काय बदललं?

बरंच, आणि बहुतेक वाईटाकडे. १ मार्चला इंग्रजी अधिकृत भाषा जाहीर करताना, सरकारी सेवा इतर भाषांतून मिळाव्यात असं सांगणारा २००० चा आदेश मागे घेतला गेला. केंद्राचा निधी घेणाऱ्या संस्थांवर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं बंधन मात्र कायम आहे, तेव्हा निवाऱ्याकडे दुभाषा मागताना त्याच कायद्याकडे बोट दाखवावं. २१ मार्चला सुमारे २६,००० मुलांच्या वकिलांचा निधी तोडला गेला. एप्रिलमध्ये कोर्टाने तो पूर्ववत करायला सांगितलं. नातेवाइकांकडून मागितली जाणारी कागदपत्रं इतकी वाढली की मुलं निवाऱ्यात कित्येक महिने अडकून पडू लागली.

३१ ऑगस्टला, लांब सुट्टीच्या रविवारी, ग्वाटेमालाच्या मुलांना मध्यरात्री उठवून विमानतळावर नेण्यात आलं. वकील रात्रीच कोर्टात गेले, न्यायाधीशांना पहाटे जागं केलं, आणि ७६ मुलं विमानांतून उतरवली गेली. पालकांनीच मुलं परत मागितली आहेत, असं सरकारचं म्हणणं होतं. ग्वाटेमालाच्या सरकारी अहवालात मात्र बहुतेक पालक सापडलेच नव्हते, आणि सापडलेल्यांपैकी अनेकांना मूल परत यायला नको होतं. १८ सप्टेंबरला न्यायाधीश टिमोथी केली यांनी या पाठवणीला मनाई केली. फिर्यादी मुलांत माया मुलं होती. त्या रात्री त्यांना काय चाललंय हे त्यांच्या भाषेत कोणी सांगितलं असेल का, हा प्रश्न मला सोडत नाही.

महाराष्ट्रात बसून आपण हे का वाचावं?

कारण पावरी, कोरकू, गोंडी, कातकरी बोलणारी मुलं आपल्याकडेही वीटभट्टीवरून, ऊसतोडीच्या अड्ड्यावरून, रेल्वे स्थानकावरून बाल कल्याण समितीसमोर येतात, आणि त्यांच्याशी प्रमाण मराठीत किंवा हिंदीत बोललं जातं. पोक्सो कायद्याच्या कलम १९ आणि ३८ मध्ये मुलाला दुभाषा देण्याची तरतूद २०१२ पासून आहे. तुम्ही समुपदेशक, शिक्षक किंवा पोलीस असाल तर वर सांगितलेली गाव विचारण्याची, आजीची भाषा विचारण्याची पद्धत जशीच्या तशी वापरा.

मी अमेरिकेत आहे, मला स्पॅनिश येत नाही. माझा काय उपयोग?

वकील असाल तर किंडसारख्या संस्थेचं प्रशिक्षण घेऊन एक प्रकरण हाती घ्या. दुभाषा आणि मार्गदर्शक वकील शोधायला संस्था मदत करते. डॉक्टर असाल तर आश्रयाच्या दाव्यासाठी वैद्यकीय तपासणीचे अहवाल लिहिणारे नेहमी कमी पडतात. शाळेत शिकवत असाल तर प्रवेश अर्जातल्या ‘घरची भाषा’ या रकान्यात माम, किचे लिहिण्याची सोय आहे का, ते बघा. इतर कुणालाही कोर्टात निरीक्षक म्हणून बसता येतं, सुनावणीला गाडीने नेता येतं, आदिवासींनी चालवलेल्या संस्थांना दरमहा ठरावीक रक्कम देता येते. एकदाच मोठी देणगी देण्यापेक्षा दरमहाची छोटी रक्कम दुभाष्यांच्या मानधनासाठी जास्त उपयोगी पडते, कारण ते काम रोजचं आहे.

ओळखीच्या एखाद्या मुलाची हकीकत, फोटो समाजमाध्यमांवर टाकला तर मदत मिळेल का?

कृपया टाकू नका. नाव गाळलं तरी गाव, वय आणि कपडे यांवरून डोंगरातली वस्ती मुलाला ओळखते. त्याच्या आईला धमकावणारा माणूस तिथेच असतो, कर्ज देणाराही तिथेच. शिवाय तुम्ही लिहिलेला एखादा तपशील मुलाच्या जबानीशी जुळला नाही, तर सरकारी वकील तोच कोर्टात दाखवू शकतो. मदत मागायची असेल तर मुलाच्या वकिलाला विचारून, त्याने ठरवून दिलेल्या शब्दांत मागा.